अहो, चोळा

हॅमिल्टन,
मार्चअखेर (बाहेर बर्फ, पुन्हा)

ती. आनंदीताईंना नंदनचा वाकून नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्याहून थोड्या लहान, पण नात्याने थोरल्या, तेव्हा नमस्कार वाकूनच. (प्रत्यक्षात सध्या मला वाकता येत नाही आणि बसताही येत नाही. हे पत्र मी उभ्याने लिहीत आहे. कारण पुढे येईलच.) चंद्रकांतरावांचा गुडघा काय म्हणतो? फिजिओथेरपीला जातात, की नुसते त्या प्लाझापर्यंत जाऊन समोसे घेऊन परत येतात? तुमच्या सरेमध्ये पावलापावलावर समोसे, त्यात गुडघ्याचा तरी काय दोष. तुमचं ब्लड प्रेशर आटोक्यात असावं. तुमच्याकडे एव्हाना चेरी फुलली असेल. इथे मी परवा 'हा यंदाचा शेवटचा' असं जाहीर करून ड्राइव्हवे शोव्हल केला, फावडं गराजच्या पार मागे नेऊन ठेवलं, आणि आज ते पुन्हा पुढे आणलं आहे. बाकी आम्ही दोघंही मजेत. (असं लिहायची पद्धत आहे. खरं तर दोघांतला एक उभा आहे आणि एक गप्प आहे.)

पाकीट पाहून तुम्ही घाबरला असाल, कारण हल्ली पाकिटातून एक तर हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल येतं नाही तर वाईट बातमी. तसं काही नाही. फोन करावा, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, विशेषतः मी बोललेलं. व्हॉट्सॲप करावं, तर आमच्या ईशिताने गेल्या ख्रिसमसला माझा फोन आणि स्वयंपाकघरातला आयपॅड एकमेकांना असे जोडून दिले आहेत, की मी इथे 'नमस्कार' टाइप केला की तिथे फोडणीच्या शेजारी 'नमस्कार' उमटतो. ईशिताला माझी अडचण सांगितली तर म्हणाली, "बाबा, जस्ट टॉक टू हर." या मुलांना सगळं सोपं वाटतं. म्हणून शेवटी कागद. बेसमेंटमध्ये कपडे वाळवायचं मशीन आहे, त्याची उंची उभ्याने लिहिणाऱ्याला अगदी बेताची आहे. मशीन चालू ठेवलं आहे, म्हणजे मी इतका वेळ खाली काय करतो याला उत्तर तयार. अक्षर थरथरलेलं दिसलं तर ते वयामुळे नव्हे, टॉवेलांमुळे.

मृणालिनीला हे पत्र ठाऊक नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी तुमच्याकडे काही मागायला लिहीत नाही. तुम्हा दोघी बहिणींच्या मधे पडायची मला इच्छा नाही आणि तेवढी छातीही नाही. फक्त ॲरिझोनात काय झालं ते तुमच्या कानावर असावं, इतकंच.

पण ते सांगायचं तर अप्पासाहेबांपासून सुरुवात करावी लागते. नाव वाचून कागद बाजूला टाकू नका, ताई. तुमच्या बाजूने बोलणारा या घरात मी एकटाच आहे (हळू आवाजात). चंद्रकांतरावांना वाचून दाखवणार असाल तर त्यांच्यासाठी सांगतो: अप्पासाहेब म्हणजे आमच्या सिंकवरच्या खिडकीतला निवडुंग. आम्ही या घरात आलो त्या उन्हाळ्यात हिने तो एका चर्चच्या सेलमधून आणला, तेव्हा करंगळीएवढा होता. ईशिता शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्न करून ऑटव्याला गेली, आणि तो वाढत वाढत खिडकीच्या वरच्या चौकटीला जाऊन टेकला. ताठ, अबोल, जवळ गेलं की बोचणारा, म्हणून हिने त्याला तुमच्या बेळगावच्या अप्पाकाकांचं नाव दिलं. त्याला पाणी म्हणजे कधीतरी महिन्याने चमचाभर. त्याचा चमचा वेगळा होता. एकदा मी त्याने चहात साखर ढवळली तर दोन दिवस माझ्या चहाचं काही खरं नव्हतं.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे महिनाभर राहिलात. रोज आंघोळ झाली की तुम्ही खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायचात, आणि तांब्यात उरलेलं पाणी सिंकमध्ये कसं ओतायचं, देवाचं पाणी, म्हणून ते शेजारच्या कुंडीत. शेजारच्या कुंडीत अप्पासाहेब होते. यात तुमचं चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. तुळशीचं उरलेलं पाणी मोरीत जाऊ देऊ नये हे माझ्या आईनेही मला शिकवलं होतं. चुकलं असेल तर इतकंच, की तांब्या मोठा होता आणि तुळस लहान. तुम्ही सरेला परत गेलात, आणि काही दिवसांनी अप्पासाहेब बुडापासून मऊ पडले आणि एका दुपारी सिंकमधल्या भांड्यांवर आडवे झाले. मी त्या वेळी 'दुसरा आणू' असं म्हणालो. तसं म्हणायला नको होतं हे मला वाक्य संपायच्या आत कळलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ही फोनवर म्हणाली, तू त्याला बुडवून मारलंस. तुम्ही म्हणालात, एका निवडुंगाचं एवढं काय, मी महिनाभर होते तर माझ्याशी बोलायला तुला वेळ नव्हता आणि त्याच्याशी रोज बोलत होतीस. हे थोडं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. फोन आधी कोणी ठेवला याबद्दल दोन्ही बाजूंचं म्हणणं माझ्यापर्यंत आलेलं आहे, आणि दोन्ही बाजू समोरचीकडे बोट दाखवतात. तेव्हापासून दोन संक्रांती झाल्या, तिळगूळ दोन्हीकडे ज्याच्या त्याच्या घरी खाल्ला गेला, आणि तुमचा रविवारचा फोन बंद आहे.

त्या फोनबद्दल लिहितो, रागावू नका. इतकी वर्षं तुम्ही दर रविवारी सकाळचा चहा झाला की फोन करायचात. तुमची सकाळ म्हणजे आमची भाजीची वेळ (तीन तासांचा फरक तुम्हाला कधी मान्यच झाला नाही), त्यामुळे आमच्या घरी रविवारची भाजी हमखास लागायची. भरल्या वांग्याला खालून काळा थर नसतो हे ईशिताला सासरी गेल्यावर समजलं. आता भाजी लागत नाही. आता त्या वेळेला ही शेगडी बारीक करते, हात पुसते, फोनपाशी जाते, फोन उचलून त्याच्याखालचं टेबल पुसते, परत येऊन शेगडी मोठी करते, आणि लगेच पुन्हा बारीक करते. ते बघून मलाही एका जागी बसवत नाही. मी गराज उघडतो, बंद करतो, विंटर टायर्स मोजतो. ते चारच असतात. जेवायला बसलो की भाजी उत्तम झालेली असते आणि दोघांच्याही घशाखाली उतरत नाही.

एकदा मी भीत भीत म्हटलं, आपणच करावा का फोन. तर म्हणाली, आमच्यात थोरली फोन करते आणि धाकटी घेते; धाकटीचा फोन आला म्हणजे कोणीतरी गेलं. मी आठवून पाहिलं, ते खरंच आहे. हिने आपण होऊन तुमचा नंबर फिरवला तो बाबा गेले तेव्हा आणि आई गेल्या तेव्हा. मग म्हणाली, "मला मिनू म्हणणारं आता एकच माणूस राहिलंय. तेच बोलत नाही, तर मी कोणाला फोन करू?" आणि वर निघून गेली. यातलं तर्कशास्त्र मी अजून तपासतो आहे, पण ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

तर या फेब्रुवारीत, बाहेर उणे वीस आणि खिडकीत तुळशीशेजारी रिकामी जागा (तिथे ही दुसरं काही ठेवूही देत नाही), अशा वेळी ही एकदम म्हणाली, ज्यांना कोणी पाणी घालू शकत नाही असे निवडुंग मला बघायचे आहेत. माझा एक मित्र आहे, देवदत्त. विंडसरला मोटारींच्या कारखान्यात होता, रिटायर झाल्यापासून थंडीचे महिने ॲरिझोनात टूसॉनजवळ काढतो, आणि दोन हिवाळ्यांत तो ते वाळवंट स्वतःच डिझाइन केल्यासारखं बोलायला लागला आहे. त्याचं बोलावणं होतंच. हल्ली सीमेपलीकडे अमेरिकेत जावं की नाही यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत, आणि आम्ही आजवर न जाणाऱ्यांच्या तटात होतो. ते तट ओलांडून निघालो. टोरांटोच्या विमानतळावरच अमेरिकेचा अधिकारी बसलेला असतो, त्याने कशासाठी चाललात म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हिने सांगून टाकलं, "टू सी कॅक्टस. माइन डाइड." तो माणूस पासपोर्ट मिटून म्हणाला, "सॉरी फॉर युवर लॉस, मॅम." हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांत अप्पासाहेबांबद्दल रीतसर सांत्वन करणारा हा पहिला माणूस भेटला, आणि तोही गणवेशातला.

आता ते निवडुंग. (मधे वर जाऊन आलो. मशीन थांबल्याचं लक्षात आल्यावर वरून हाक आली होती. कोरडेच टॉवेल पुन्हा आत टाकले आहेत.) ताई, फोटोत काही कळत नाही. त्यांना सवारो म्हणतात. लिहिताना मधे एक ग असतो, तो बोलताना गिळायचा असतो. आमच्या दुमजली घराहून उंच, अंगावर वरून खालपर्यंत पन्हळी, आणि खांद्यातून हात फुटलेले, तेही वर केलेले. सगळा डोंगरउतार त्यांनी भरलेला. शाळेत गुरुजींनी सोपा प्रश्न विचारला की सगळा वर्ग हात वर करतो ना, तसा. माझं आयुष्य पोलाद तपासण्यात गेलं, त्यामुळे उंच वस्तू दिसली की आधी एक डोळा मिटून ती ओळंब्यात आहे का हे बघतो. बहुतेक होते. काहींना सुतारपक्ष्यांनी भोकं पाडलेली होती, ते मी मनातल्या मनात नापास केले, पण तेही कित्येक वर्षं तसेच उभे आहेत असं देवदत्त म्हणाला.

मला वाटलं होतं ही त्यांच्यापुढे उभी राहील, हात जोडेल, मन शांत होईल, मग आपण एखाद्या सावलीत बसून थर्मासमधला चहा पिऊ. कसलं काय. ही एका जागी थांबेचना. एकापाशी जायची, मान वर करून बघायची, काहीतरी पुटपुटायची, लगेच पुढच्याकडे. हरवलेलं माणूस स्टेशनवर शोधावं तशी. मी फोटो काढायला जावं तर ही चौकटीतून निघून गेलेली. माझ्याजवळ एक सवारो आणि हिची अर्धी पर्स असे पुष्कळ फोटो आहेत. देवदत्त मागून माहिती देत येत होता. हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, वगैरे. हिने त्याला एकच गोष्ट विचारली, यांना पाणी कोण घालतं. तो म्हणाला, कोणी नाही. ही म्हणाली, "बरं आहे." आणि माझ्याकडे बघितलं. मी काही केलेलं नव्हतं, पण तुमचा साडू-मेहुणा-जावई जो कोणी मी लागतो तो तिथे तुमच्या वतीने उभा होतो, तेव्हा मी मान खाली घातली.

मग वळणावर एक पडलेला सवारो आला. पडून पुष्कळ दिवस झाले असावेत, कातडं सुटलेलं, आतल्या फासळ्या उघड्या. हिने विचारलं, याला काय झालं. देवदत्त म्हणाला, जोराचा पाऊस झाला की हे मिळेल तेवढं पिऊन घेतात, फुगतात, जड होतात, खाली माती भिजून सैल झालेली असते, त्यात वारा आला की पडतात. "म्हणजे पाण्याने?" ही म्हणाली. "पाण्यानेच," तो म्हणाला, "यांना दुसरं कोण मारणार?" ही तिथे उभी राहिली. त्या दिवसात पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "इथे तर कोणी तांब्या घेऊन आलं नव्हतं." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं, कारण ऐकलं असं दाखवलं असतं तर तिने ते परत घेतलं असतं.

मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मला काहीतरी तपासावंसं वाटतं. पुढे वाटेच्या कडेला लोखंडी कठडा होता, त्याचं वेल्डिंग बघायला मी निघून गेलो. आणि नेमकं तेव्हाच मागे देवदत्त हिला एका पाटीपुढे उभं करून दुसऱ्या एका निवडुंगाबद्दल बजावत होता. हा निवडुंग माणसाएवढाच असतो, अंगभर सोनेरी काटे, लांबून मऊ लोकरीसारखा दिसतो, आणि जरा धक्का लागला की त्याचा लिंबाएवढा तुकडा सुटून तुमच्या अंगाला चिकटतो. काट्यांना उलटी टोकं असतात, त्यामुळे हात लावायचा नाही, चोळायचं तर अजिबात नाही. त्याचं पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग सी एच ओ डबल एल ए. (खरा उच्चार 'चोया' आहे असं नंतर एका बाईंनी सांगितलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.) देवदत्तला इतिहासाचं वेड. त्याने हिशेब केला, इंग्रजीत चोला लिहितात ते दक्षिणेतले राजे म्हणजे आपले चोळ, तेव्हा हा चोळा. आणि हिला पक्कं सांगून ठेवलं, वहिनी, या चोळ्यापासून सांभाळा. हा सगळा वर्ग चालू असताना मी कठड्याचा सांधा खालून बघण्यासाठी वाकलो होतो. पुढे कठडा होता. मागे काय आहे ते मी बघितलं नव्हतं.

मी ओरडलो की नाही यावर दुमत आहे. एवढं खरं की मी ताठ झालो आणि मागे काहीतरी चिकटलं आहे हे मला कळलं. वळून बघतो तर ही दोन्ही हात हलवत माझ्याकडे धावत येते आहे आणि जिवाच्या आकांताने ओरडते आहे, "अहो, चोळा! चोळा!"

आता ताई, तुम्हीच न्याय करा. माझी कंबर धरते हे तुम्हाला ठाऊक आहे. रोज रात्री जेवणं झाली की ही माझ्यापुढे बामची बाटली ठेवते आणि एकच शब्द बोलते: चोळा. आमच्या घरात या शब्दाला दुसरा अर्थ नाही. आणि लग्न झाल्यापासून माझी पद्धत अशी, की हिने सांगितलं ते आधी करायचं आणि का सांगितलं याचा विचार सवडीने करायचा. मी चोळलं. उजव्या हाताने, व्यवस्थित, दाबून. ही आणखी जोरात ओरडली. मला वाटलं, कमी पडतंय. मी डावा हातही लावला. लक्षात घ्या, ईशिता तिच्या नवऱ्याला अरे-तुरे करते, तिच्यावर ही वेळ आली असती तर त्याला चोळायला सांगायचं तर ती 'चोळ' म्हणाली असती, आणि 'चोळा' हे कोणाचं तरी नाव आहे हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे समजलं असतं. ही मला अहो म्हणते, मान देते, हाक मारली तरी क्रियापद मानाचं लावते. त्या मानाचा मला एवढ्या वर्षांत झालेला हा एकमेव तोटा, पण तो एकदम झाला.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. देवदत्तला पूर्ण टक्कल आहे आणि तरी त्याच्या खिशात कंगवा असतो, याचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. चोळा काढायचा तो कंगव्यानेच. मला पार्किंगमध्ये त्याच्या गाडीच्या बॉनेटवर पालथं घातलं. एक अमेरिकन म्हातारं जोडपं आपल्या घडीच्या खुर्च्या उघडून सावलीत बसलं होतं, त्यांनी खुर्च्या थोड्या आमच्या दिशेला वळवल्या. (चोया असा उच्चार सांगणाऱ्या बाई त्याच. त्यांनी आपला चिमटाही देऊ केला.) आणि मागे आवाज आला. आधी मला वाटलं ही रडते आहे. मान वळवून बघितलं तर ही पदराने, म्हणजे स्कार्फने, तोंड दाबून हसत होती. मग दाबणं सोडलं. मग तिथेच जमिनीवर बसली (आधी जागा नीट बघून). "चोळा म्हटलं तर चोळलंत हो," एवढंच तिला बोलता येत होतं, आणि तेही तुकड्यातुकड्याने. ताई, मी लिहितो ते खरं मानाल तर, दोन वर्षं होत आली, हिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. माझ्या हातात, आणि आणखी जिथे जिथे, काटे होते तिथे फार दुखत होतं, आणि मला वाटत होतं देवदत्तने जरा सावकाश काढावेत.

आणि त्या हसण्यातच ही बोलून गेली, "ताई असती ना, तर इथे गडाबडा लोळली असती."

बोलली आणि थांबली. देवदत्तचा कंगवासुद्धा थांबला. मग उठली, पर्समधून फोन काढला आणि नंबर लावायला लागली. तुमचा, हे मी बॉनेटवरून बघितलं. तिथे रेंज नव्हती. फोन वर धरला, आणखी वर धरला, हात पुरता ताणून त्या हात वर केलेल्या निवडुंगांमधून इकडून तिकडे फिरली. रेंज आली नाही. परत येताना हायवेवर तिचा फोन आपोआप वाजायला लागला, साठलेले सगळे मेसेज एकामागून एक. हिने बराच वेळ फोन हातात धरला. मग पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. "माझा फोन बघून घाबरेल ती," म्हणाली, "तिला वाटेल कोणीतरी गेलं." मी मागच्या सीटवर एका कुशीवर पडलेलो होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललं आहे.

घरी आलो. इथल्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी उरलेले काटे काढले, एकच खोल गेला आहे, तो आपोआप वर येईल म्हणाल्या, तोपर्यंत बसण्याची घाई नको. म्हणून मी घरभर उभा असतो, फिरतो. ही पण फिरते. रविवारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात एकमेकांना ओलांडत फिरतो, ही शेगडीकडून फोनकडे आणि मी गराजकडून शेगडीकडे. परवा हसायला येईल म्हणून मी मुद्दाम म्हटलं, बाम कुठे आहे, चोळतो. हसली नाही. म्हणाली, सांगायला कोणी नाही तर त्या गोष्टीची मजा काय.

असो. बरंच वाहवत गेलो. टॉवेल आता इतके कोरडे झाले आहेत की घडी घालताना मोडतील. चंद्रकांतरावांना नमस्कार, गुडघ्याला माझ्यातर्फे सहानुभूती.

तुमचा,
(अजून उभा)
नंदन

ता. क. वर मी काही मागणार नाही असं लिहिलं आहे. ते कागदाच्या वरच्या अंगाला लिहिलं होतं, आता खालच्या अंगाला आलो आहे. ताई, फोन करा. रविवारी, तुमच्या चहानंतर, पूर्वी करायचात तसाच. चुकीच्या वेळी करा. कोणाचं चुकलं ते काढू नका, तुळशीचा विषयही नको. हवेपासून सुरुवात करा. ही फोन उचलेल, मी उचलणार नाही, मी गराजमध्ये असेन. 'मिनू' म्हणा, एवढं पुरे.

ता. क. दुसरा. माझं पत्र आल्याचं चुकूनही बोलू नका. ॲरिझोनाबद्दल आपण होऊन विचारू नका. ती सांगायला लागली की तुम्हाला काहीच ठाऊक नाही असं ऐकत राहा. आणि तो शब्द आला की हसू आवरू नका, पण तो येईपर्यंत मात्र आवरा.

ता. क. तिसरा. वरचे दोन्ही ता. क. रद्द समजावेत. मी पाकीट आणायला वर गेलो आणि परत येतो तर ही बेसमेंटमध्ये, मशीनपाशी, उभ्याने वाचते आहे. सगळं वाचलं. माझ्या हातातलं पेन घेतलं, 'गडाबडा' नीट लिहिलं आहे की नाही ते बघितलं, आणि टॉवेल बघून म्हणाली, यांना काय तळलंत का. मग पाकिटावरचा तुमचा पत्ता तपासला, पोस्टल कोडमधलं एक अक्षर दुरुस्त केलं (मी पाठवलं असतं तर पत्र दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलं असतं), आणि म्हणाली, खाली थोडी जागा सोडा. सोडली आहे.

ताई,
यांनी तिखटमीठ लावून लिहिलं आहे, पण चोळलं ते खरं. दोन्ही हातांनी. पत्र तुला कोणत्या दिवशी पोचेल ठाऊक नाही, म्हणून आता दर रविवारी भाजी आधीच करून ठेवणार आहे.
मिनू